तीन तासांचा घेवडा

फरसबी तीन तास शिजवायची? पुण्या-मुंबईहून आमच्याकडे येणारे पाहुणे हे विचारतात, आणि बॉस्टन-न्यूयॉर्कहून येणारेही विचारतात. दोघांच्या मनात भाजीचं चित्र एकच असतं: हिरवीगार, दाताखाली किंचित कुरकुरणारी, पाच-सात मिनिटांत वाफेवरून उतरवलेली. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र घेवड्याच्या शेंगा खारवलेल्या किंवा धुरी दिलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर मंद आचेवर दोन-तीन तास रटरटत ठेवतात. रंग शेवाळी होतो, शेंग मऊ पडते, आतला दाणा पिठूळ होतो, आणि भांड्याच्या तळाशी खारट, धुरकट वासाचं दाट पाणी उरतं. ताटात ही भाजी बाजूलाच वाढतात, पण मक्याच्या ब्रेडबरोबर तीच आधी संपते.

या भाजीची बरीच निंदा झाली आहे. ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या सहलेखिकांचं फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक १९६१ मध्ये आलं आणि भरपूर उकळत्या पाण्यात शेंगा थोडाच वेळ शिजवून हिरव्या ठेवायची रीत अमेरिकन मध्यमवर्गाने उचलली. १९७३ मध्ये गो आणि मियो या फ्रेंच लेखकांनी ‘नूव्हेल क्विझिन’चा जाहीरनामा काढला, त्यात कमी शिजवणं हा नियमच होऊन बसला. तेव्हापासून दक्षिणेतला घेवडा म्हणजे अडाणी बायकांनी चुलीवर विसरलेली भाजी, असा समज पसरला. तो समज मला मान्य नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात वाढले. लग्नानंतर नॉर्थ कॅरोलिनाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात आले आणि इथल्या एका छोट्या गावाच्या सार्वजनिक वाचनालयात नोकरी केली. वाचनालयात स्थानिक इतिहासाची एक खोली होती. तिथे चर्चच्या बायकांनी वर्गणी काढून छापलेली पाककृतींची पुस्तकं, शेतीखात्याच्या पुस्तिका, जुन्या बियाणांचे कॅटलॉग असं सगळं जपून ठेवलेलं होतं. ते वाचताना आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलताना माझी खात्री झाली की त्या तीन तासांमागे बियाणं आहे, मांस आहे, आणि कामाला बांधलेल्या माणसांचा दिवस आहे.

आधी शेंगेबद्दल बोलते, कारण सगळा गैरसमज तिथेच आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये अ‍ॅशव्हिलच्या फार्मर्स मार्केटमध्ये घेवडा बुशेलच्या मापाने येतो. एक बुशेल म्हणजे सुमारे ३० पौंड, साडेतेरा किलोच्या आसपास. सुपरमार्केटमधल्या सरळसोट, दाणा न भरलेल्या फरसबीशी या शेंगांचं नातं फक्त वनस्पतिशास्त्रातलं. ‘हाफ-रनर’ नावाच्या जातीचा वेल आखूड, शेंगा लहान आणि दाण्यांनी फुगलेल्या. ‘ग्रीझी’ घेवड्याच्या सालीवर लव नसते, म्हणून शेंग तेल चोपडल्यागत चमकते. ‘कटशॉर्ट’मध्ये दाणे इतके दाटीवाटीने बसतात की एकमेकांना रेटून त्यांची टोकं चौकोनी होतात. या सगळ्यांना दोन्ही कडांनी चिवट शिरा असतात. शिरा काढल्याशिवाय शेंग मोडता येत नाही आणि दाणा भरल्याशिवाय डोंगरातलं कुणी ती तोडत नाही. इथल्या लोकांच्या मते दाण्यावाचून शेंग म्हणजे नुसती साल.

दाणा भरलेली शेंग पाच मिनिटांत शिजत नाही. आपल्याकडे पावट्याचे किंवा घेवड्याचे ओले दाणे किती वेळ घेतात ते आठवून पाहावं. इथे दाणा आणि साल दोन्ही एकाच भांड्यात, एकाच वेळी मऊ व्हायला हवेत. साल मऊ करायची तर पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन विरघळावं लागतं, दाणा पिठूळ करायचा तर पाणी आतपर्यंत पोचावं लागतं. खारवलेल्या मांसातलं मीठ पेक्टिन सैल करायला मदत करतं. याउलट आंबट पदार्थ ते घट्ट धरून ठेवतात, म्हणून जाणत्या बायका व्हिनेगर ताटात घेताना शिंपडतात, भांड्यात नाही. रंग जातो तो हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटल्यामुळे. ते या भाजीत होणारच, आणि त्याचं इथे कुणाला वाईट वाटत नाही.

हा घेवडा मूळचा इथल्या गोऱ्यांचा नव्हे, आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचाही नव्हे. मध्य अमेरिका आणि अँडीज पर्वताच्या भागात माणसाने तो लागवडीला आणला. तिथून उत्तरेकडे हातोहात येत येत तो या डोंगरांत पोचला, तेही कोलंबसाच्या कित्येक पिढ्या आधी. आमच्या कोरेगावचा पट्टेरी दाण्याचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तोही याच जातीचा. उत्तरेतला राजमाही तोच. भारतात ही वनस्पती अमेरिकेतूनच आली. हे कळल्यावर मला इथल्या बाजारात परकं वाटेनासं झालं.

इथे घेवडा चेरोकी लोक पिकवत होते. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढवायचा, खाली भोपळ्याची पानं पसरू द्यायची. मका आधार देतो, घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, भोपळा ओल धरतो आणि तण दाबतो. १७७५ मध्ये विल्यम बार्ट्रम हा फिलाडेल्फियाचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिटल टेनेसी नदीच्या खोऱ्यातून, आज जिथे फ्रँकलिन गाव आहे त्या भागातून हिंडला. मका आणि घेवड्याची चेरोकींची नीटनेटकी शेतं, मध्ये गवताच्या पट्ट्यांचे बांध, हे त्याने लिहून ठेवलं आहे. त्यानंतर एकच वर्ष गेलं. १७७६ च्या सप्टेंबरात ग्रिफिथ रदरफर्डच्या हाताखालच्या पलटणीने याच खोऱ्यातली चेरोकी गावं जाळली आणि उभी पिकं कापून टाकली. बार्ट्रमचं वर्णन वाचताना ही तारीख मनातून काढता येत नाही.

१८३० मध्ये मूळ रहिवाशांना हाकलण्याचा कायदा झाला आणि १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात आजच्या ओक्लाहोमाकडे नेण्यात आलं. त्यातले चार हजारांच्या आसपास लोक मेले असं मानतात. ज्या वाटेने ते गेले तिला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. त्या वाटेवरून लोकांनी बी नेलं. काळाभोर, चकचकीत दाणा आणि जांभळट शेंग असलेला एक घेवडा आजही ‘चेरोकी ट्रेल ऑफ टिअर्स’ याच नावाने ओळखला जातो. १९७७ मध्ये ओक्लाहोमातल्या जॉन वाइक या चेरोकी वंशाच्या दंतवैद्याने तो ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या बियाणं जपणाऱ्या संस्थेकडे दिला आणि तिथून तो परसबागांत गेला. जे चेरोकी डोंगरातच राहू शकले त्यांचे वंशज आज आमच्यापासून फार दूर नसलेल्या क्वाला बाउंड्रीत राहतात. घेवड्याचे दाणे मक्याच्या पिठात मळून, पानात गुंडाळून उकडलेला त्यांचा ब्रेड मी खाल्ला आहे. दक्षिणेतल्या घेवड्याच्या ताटात मक्याचा ब्रेड का असतो, ते त्या ब्रेडच्या पहिल्या घासात कळतं.

स्कॉटलंड, आयर्लंडच्या उत्तर भागातून आणि जर्मनीतून आलेले वसाहतवाले या जमिनीत राहायला लागले तेव्हा त्यांनी चेरोकींचं बियाणं घेतलं, मक्यावर वेल चढवायची रीत घेतली. पेरणीचा मुहूर्त मात्र त्यांनी युरोपातून आणला. आजही इथले म्हातारे पंचांग बघून घेवडा पेरतात. चंद्र मिथुन राशीत असावा, म्हणजे शेंग जोडीने लागते, असं मानतात. शेजारच्या आजोबांनी हे मला सांगितलं तेव्हा मृगाच्या पावसाचा अंदाज घेत पेरणी ठरवणारे माझे वडील मला आठवले, आणि आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहून बराच वेळ नक्षत्रांवर बोललो.

डुक्कर आलं स्पेनमधून. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो फ्लोरिडात उतरला तो डुकरांचा कळप घेऊनच. रानात सोडलेल्या डुकरांना ओकची आणि चेस्टनटची फळं फुकट मिळायची, त्यामुळे गरिबालाही डुक्कर पाळणं जमत होतं. नोव्हेंबर-डिसेंबरात पहिली कडक थंडी पडली की डुकरं मारायची, मांस मिठात पुरायचं, हिकरीच्या लाकडाची धुरी द्यायची. मांड्या विकायला किंवा सणाला. पाठीची चरबी, गालाचा तुकडा, खुरावरच्या सांध्याचा हॅम हॉक हे वर्षभर भाजीत पडायचं. एवढ्याशा तुकड्याने भांडंभर भाजीला चव यायची. पण असा खारवून वाळवलेला सांधा तासभर उकळल्याशिवाय चव सोडत नाही. म्हणजे तीन तासांतला पहिला तास मांसाचा. शेंगा त्यानंतर पडतात.

हे मांस कुणाच्या वाट्याला किती यायचं? फ्रेडरिक डग्लस गुलामगिरीतून निसटल्यावर १८४५ मध्ये त्यांनी आत्मकथन छापलं. मेरीलँडमधल्या ज्या मळ्यावर ते लहानपणी होते तिथे मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड डुकराचं मांस किंवा त्याऐवजी मासळी, आणि एक बुशेल मक्याचं पीठ मिळायचं. वाटणी तेवढीच. उरलेलं पोट झोपडीमागच्या तुकड्यात पिकवलेल्या भाजीवर आणि रात्रीच्या मासेमारीवर. सूर्य उगवायच्या आधी शेतावर जाणारी बाई भांडं निखाऱ्यावर ठेवून जाणार, म्हातारं माणूस किंवा पोर लक्ष ठेवणार. एकाच भांड्यात पाला, शेंगा, धुरावलेला मासा किंवा मांस घालून सावकाश शिजवायचं आणि त्यातलं पाणी फेकायचं नाही, ही पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांची रीत होती. त्या समुद्रापलीकडून हाती काही न घेता आल्या, पण ती रीत बरोबर आली. जेसिका हॅरिस आणि मायकल ट्विटी यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे धागे उलगडून दाखवले, ते आपल्याच हयातीत. त्याआधीच्या दीडशे वर्षांत ‘दक्षिणी स्वयंपाक’ म्हणून जे छापलं गेलं त्यात बहुतेक ठिकाणी हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचं आहे.

मेरी रँडॉल्फचं ‘द व्हर्जिनिया हाऊस-वाइफ’ हे १८२४ चं पुस्तक या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. लेखिका उच्चकुलीन, तिचं स्वयंपाकघर गुलाम बायकांच्या हातचं. त्यात घेवड्याच्या कोवळ्या शेंगा मिठाच्या उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून चाखून बघायला सांगितलं आहे. मऊ झाल्या की लगेच निथळायच्या. म्हणजे दक्षिणेत कमी शिजवलेली फरसबी माहीत नव्हती असं अजिबात नाही. मालकांच्या जेवणाच्या टेबलावर ती होती. त्याच पुस्तकात सलगमाचा पाला मात्र बेकनबरोबर व्हर्जिनियाच्या रीतीने उकळला तर जास्त चांगला लागतो, असं ती मान्य करते. इंग्लंडच्या पुस्तकांतली रीत आणि मागच्या अंगणातली रीत एकाच पुस्तकात शेजारी शेजारी आहेत. कोवळी, बागेतून नुकती खुडलेली शेंग रोज मिळवायला माळी लागतो. दाणा भरेपर्यंत वेलावर थांबणारी शेंग ज्याला रोज खुडायला वेळ नाही त्याच्या उपयोगाची. तिच्यात दाण्याची प्रथिनंही असतात, आणि ज्याला आठ पौंडांत महिना काढायचा त्याला ती हवीत.

भांड्यातल्या पाण्याला इथे ‘पॉटलिकर’ म्हणतात. १९३१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटातल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ दैनिकाचे संपादक ज्युलियन हॅरिस यांच्यात त्यावरून जाहीर वाद झडला: मक्याची पोळी पॉटलिकरमध्ये बुडवून खायची की चुरून? वाद पाल्याच्या पाण्याचा होता, घेवड्याच्या नव्हे, पण देशभरातल्या वाचकांनी पत्रं लिहिली. मला त्या वादापेक्षा त्याच्या आधीच्या पंधरा-वीस वर्षांचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो पेलाग्राचा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत पेलाग्रा पसरला. कातडी सोलवटते, जुलाब लागतात, भ्रम होतो, माणूस मरतो. लोकांना तो संसर्ग वाटला. १९१४ मध्ये सरकारच्या आरोग्य खात्याने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत आतल्या लोकांना हा रोग होतो पण त्यांची सेवा करणाऱ्यांना होत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि ते आहाराकडे वळले. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराच्या दोन अनाथालयांत त्यांनी दूध, अंडी, वाटाणे आणि घेवड्यासारखी कडधान्यं वाढवली. पुढच्या वर्षी तिथला रोग जवळपास नाहीसा झाला. गरिबांचं जेवण तेव्हा तीन वस्तूंवर आलं होतं: चरबीचं मांस, मक्याचं पीठ आणि काकवी. कुळाने कापूस दारापर्यंत पेरावा असा मालकाचा आग्रह, मग परसबाग कुठून असणार? कमी पडत होतं ते नायसिन हे जीवनसत्त्व, हे १९३७ मध्ये सिद्ध झालं.

यात चेरोकी पुन्हा येतात. मक्यातलं नायसिन बांधलेलं असतं, शरीराला लागत नाही. चेरोकी बायका मका लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवत, त्याने ते मोकळं होतं. बरोबर घेवडा असायचा, त्यातून उरलेली कमतरता भरून निघायची. मका घेणाऱ्यांनी राख टाकून दिली. आणि कापसाने घेवड्याची जागा खाल्ली तेव्हा माणसं मेली. डोंगराळ भागात कापूस होत नव्हता, प्रत्येक घरामागे घेवडा राहिला. वाचनालयातल्या त्या खोलीत बसून हे सगळं जुळवताना या भाजीकडे बघण्याची माझी नजर कायमची बदलली.

हिवाळ्यासाठी घेवडा साठवायच्या रीती तर मला माहेरच्या वाटाव्या अशा आहेत. सुईत जाड दोरा ओवून शेंगा मधोमध ओवायच्या, माळा ओसरीवर किंवा चुलीमागे टांगायच्या. महिनाभरात त्या आक्रसून तपकिरी होतात, हात लावला की खुळखुळतात. नॉर्थ कॅरोलिना-जॉर्जियाकडे त्यांना ‘लेदर ब्रिचेस’ म्हणतात, केंटकीकडे ‘शक बीन्स’. जॉर्जियातल्या रेबन गॅप इथल्या शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना विचारून ‘फॉक्सफायर’ नावाचं मासिक काढलं आणि १९७२ पासून त्याची पुस्तकं झाली, त्यांत ही रीत नोंदलेली आहे. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, खारवलेल्या मांसाबरोबर अर्धा दिवस शिजवायच्या. चव ओल्या घेवड्याची राहत नाही, गडद होते, थोडी मांसासारखी, थोडी वाळवलेल्या गवारीच्या उसरीसारखी. इथे तीन तासही पुरत नाहीत.

काचेच्या बरण्यांचं युग नंतरचं. जॉन मेसनने आटे असलेल्या तोंडाच्या बरणीचं पेटंट १८५८ मध्ये घेतलं, पण घेवडा बरणीत भरणं धोक्याचं होतं. टोमॅटो आंबट, तो साध्या उकळीने टिकतो. घेवड्यात आम्ल नाही, म्हणून बोट्युलिझमचे जंतू उकळत्या पाण्यातही बीजाणूच्या रूपात जिवंत राहतात आणि बंद बरणीत विष तयार करतात. १९१० मध्ये साउथ कॅरोलिनाच्या एकेन काउंटीत मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींसाठी टोमॅटो पिकवून डबाबंद करण्याचा क्लब काढला. १९१४ च्या स्मिथ-लेव्हर कायद्याने गावोगाव शेतीविस्तार सेवा आली, तिच्या बाया घरोघरी शिकवायला गेल्या. १९१७ मध्ये शेतीखात्याने सांगितलं की घेवड्यासारख्या भाज्यांना दाबाखालीच शिजवायला हवं. आजचा नियम असा: मोठी क्वार्ट बरणी २५ मिनिटं, छोटी पाइंट २० मिनिटं. आमचं गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर, म्हणून वजनाच्या कुकरवर १० ऐवजी १५ पौंड दाब. एका बुशेलमधून १२ ते २० क्वार्ट निघतात. जुन्या घरांच्या तळघरात अशा बरण्यांच्या रांगा असतात, झाकणावर वर्ष लिहिलेलं. बरणीतला घेवडा शिजलेलाच असतो, तरी इथे तो चरबीत टाकून पाणी आटेपर्यंत पुन्हा शिजवतात, आणि माझ्या मते तो ताज्यापेक्षा कमी नसतो.

शिरा काढणं हे मोठं काम. पूर्वी त्यासाठी शेजारपाजार ओसरीवर जमायचा, मांडीवर परात, पायाशी टोपली, अंधार पडेपर्यंत गप्पा. ते कमी होत गेलं त्यामागे न्यूयॉर्क राज्यातल्या ले रॉय गावचा कॅल्विन कीनी हा माणूस आहे. त्याने बिनशिरांचा घेवडा तयार केला आणि १८९४ मध्ये बर्पी कंपनीने तो बाजारात आणला. कामाच्या बायकांनी त्याचं स्वागत केलं असणार, आणि ते योग्यच होतं. पण नंतर तोडणी यंत्राने होऊ लागली. यंत्राला सगळ्या शेंगा एकदम तयार असलेलं बुटकं झुडूप लागतं आणि ओढाताणीत न तुटणारी साल लागते. केंटकीतल्या बेरिया गावचे बिल बेस्ट यांनी उभं आयुष्य डोंगरातली जुनी बियाणी गोळा करण्यात घातलं. त्यांचं म्हणणं असं की साल चिवट केल्यामुळे दाणा भरायच्या आत शेंग तोडणं भाग पडलं, नाहीतर ती चावत नाही. मला ते पटतं. बाजारच्या फरसबीला तीन तास दिले तर ती फक्त लिबलिबीत होते, कारण आत काही नाहीच. मग पाच मिनिटांचा नियम आला आणि तो नियम दाणेदार शेंगेलाही लावला गेला. १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या डॉर्कस रायली यांनी बनवलेल्या मशरूम सूप आणि तळलेल्या कांद्याच्या कॅसरोलने तर थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर देशभर घेवड्याची जागा घेतली. ती न्यू जर्सीची, डब्यातून डब्यात जाणारी पाककृती आहे. तिच्याबद्दल मला यापुढे काही सांगायचं नाही.

दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांत विसाव्या शतकात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक गेले, त्यांच्याबरोबर ही भाजी शिकागो आणि डेट्रॉइटला गेली. तिथे काहींनी धर्मामुळे, काहींनी रक्तदाबामुळे डुक्कर सोडलं आणि धुरी दिलेल्या टर्कीचा पंख किंवा मान घालायला सुरुवात केली. माझ्या घरी डुकराचं मांस येत नाही, म्हणून मीही त्यांचंच ऐकते. पंख तासभर उकळायचा. दोन पौंड हाफ-रनर, शिरा काढून बोटभर मोडलेला, त्यात टाकायचा. एक कांदा चिरून, एक सुकी मिरची, मिरपूड. पाणी शेंगांच्या निम्म्यापर्यंतच, झाकण तिरपं. दीड तासाने वर न सोललेले लहान नवे बटाटे ठेवायचे, ते वाफेवर शिजतात. शेवटचा अर्धा तास झाकण काढून पाणी आटवायचं. मीठ अगदी शेवटी चाखून, कारण पंखात किती होतं ते तेव्हाच कळतं. कुकरमध्ये शेंग मऊ होते हे खरं, पण पाणी आटत नाही, आणि या भाजीची चव आटण्यात आहे. सोबत टोमॅटोच्या चकत्या, कच्चा कांदा आणि लोखंडी तव्यातला मक्याचा ब्रेड. मी शेजारी मिरचीचा ठेचाही ठेवते, तो इथल्या लोकांना व्हिनेगरातल्या मिरच्यांइतकाच आवडतो.

गावात कुणी गेलं की त्या घरी झाकलेली भांडी जातात. आपल्याकडे चूल न पेटणाऱ्या घरी पिठलं-भाकरी नेतात तसंच. घेवडा नेतात कारण तो थांबतो: पुन्हा गरम केला तरी बिघडत नाही, दात नसलेल्याला चावतो, लहान मुलाला तिखट लागत नाही, आणि ज्याला घास गिळवत नाही त्याला निदान पॉटलिकर पाजता येतं. माझ्या सासूबाई इथे वारल्या तेव्हा आमच्या दारात पहिलं भांडं घेवड्याचं आलं. आणणाऱ्या बाईंनी आमच्याकडे मांस चालेल की नाही याची खात्री नव्हती म्हणून तो नुसत्या लोण्यात आणि कांद्यात शिजवला होता.

या जाती टिकतील का? टेनेसी व्हॅली अथॉरिटीने १९४२ ते १९४४ मध्ये फाँटाना धरण बांधलं तेव्हा खोऱ्यातली शेतंच पाण्याखाली गेली. असं गाव सोडून जाणं म्हणजे काय, हे सातारच्या माणसाला कोयनेमुळे वेगळं सांगावं लागत नाही. तरुण बाहेर गेले, म्हाताऱ्यांबरोबर बियांच्या बरण्या कचऱ्यात गेल्या. तरी सगळं गेलेलं नाही. बेस्ट यांनी शेकडो जाती घराण्यांच्या नावासकट जमवल्या आणि २०१३ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. ओक्लाहोमातली चेरोकी नेशन आपल्या नागरिकांना दरवर्षी जुनं बियाणं वाटते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारात आपल्या नऊ वाणांचं बी ठेवलं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी तिथे बी ठेवणारे ते पहिले. त्यात ट्रेल ऑफ टिअर्सचा काळा घेवडा आहे आणि लांब शेंगेचा ग्रीझीही आहे.

माझ्याकडचा ग्रीझी शेजारच्या आजोबांनी दिलेल्या मूठभर बियांपासूनचा. कोरेगावला माझी चुलती घेवड्याचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची. आजोबा कागदी पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवतात, भुंगा लागत नाही. मी दोन्ही करते. वेलावरच्या सगळ्यात पहिल्या, भरदार शेंगा खायला तोडायच्या नाहीत, त्या बियाण्याला वाळू द्यायच्या, हे मात्र कोरेगावात आणि इथे अगदी एकसारखं सांगतात.